ऑइल फिल्टरचे माप: कोणते काटेकोर पाळावे आणि कोणत्यात सवलत घेता येते

ऑइल बदलायची वेळ आली आहे, इंजिनासाठी सांगितलेल्या क्रमांकाचा फिल्टर हाताशी नाही आणि त्याऐवजी रंगाने, तोंडाने अगदी तसाच, पण दोन बोटे उंच असलेला फिल्टर समोर येतो. अशा वेळी “तोंड बसतंय ना, मग लावून टाका, मोठा म्हणजे चांगलाच” असा सल्ला मिळतो. तितक्याच आत्मविश्वासाने दुसरा कोणी “एक मिलिमीटरही इकडेतिकडे झाला तर इंजिन बसेल” असेही सांगतो. दोघांच्याही बोलण्यात अर्धे तथ्य असते, कारण ते दोन निरनिराळ्या मापांबद्दल बोलत असतात. फिल्टरच्या आट्यांचे माप, रबरी गॅस्केटचे (गळती रोखणाऱ्या कड्याचे) माप आणि आतल्या झडपा यांत तडजोड करता येत नाही. डब्याची उंची आणि घेर यांत मात्र थोडी मोकळीक असते. तिचा फायदाही होतो, पण लोक समजतात तो नव्हे.

आधी फिल्टर करतो काय, ते नेमके पाहू. १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड यांनी ‘प्युरोलेटर’ या नावाने मोटारीचा ऑइल फिल्टर आणला. त्या काळातल्या फिल्टरांतून ऑइलचा केवळ काही हिस्सा गाळून परत चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात) जात असे आणि बाकीचे ऑइल न गाळताच बिअरिंगांकडे जाई. आजच्या मोटारींत पंपाने उचललेले सगळे ऑइल आधी फिल्टरमधून जाते आणि मगच क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, टर्बो यांच्याकडे पोहोचते. फिल्टर इंजिनाच्या मुख्य वाटेवरच बसलेला असल्यामुळे त्याने पुरेसे बारीक गाळलेही पाहिजे आणि वाट अडवताही कामा नये. आकाराचा सगळा प्रश्न या दोन अटींच्या ओढाताणीतून निर्माण होतो.

आपला फिल्टर कोणत्या जातीचा, ते पाहावे

फिल्टरचे दोन प्रकार आढळतात. पहिला म्हणजे पत्र्याचा बंद डबा, जो इंजिनाच्या ब्लॉकमधून बाहेर आलेल्या पोकळ, आटेदार स्टडवर फिरवून बसवतात आणि पुढच्या वेळी अख्खा काढून टाकतात. दुसऱ्या प्रकारात प्लास्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे घर इंजिनालाच कायमचे जोडलेले असते आणि आतली घड्यांची कागदी गुंडाळी तेवढी बदलावी लागते.

तुमच्या इंजिनात हा दुसरा प्रकार असेल, तर मोठा की लहान हा प्रश्न तिथेच संपतो. गुंडाळीची उंची दोन-तीन मिलिमीटरनेही कमी असली, तरी तिच्या टोकाची सील नीट दाबली जात नाही आणि ऑइल कागदातून न जाता कडेच्या फटीतून सरळ पुढे निघून जाते. गंमत म्हणजे बाहेरून काहीच कळत नाही. गळती होत नाही, दिवा लागत नाही, फक्त गाळणे थांबलेले असते. गुंडाळी उंच असेल तर झाकण ओढून बसवताना ती चेपते किंवा झाकणाला तडा जातो. म्हणून येथे सांगितलेला क्रमांक किंवा त्याचा अधिकृत पर्याय हाच वापरावा, झाकणाची ओ-रिंग दर वेळी नवी घालावी आणि झाकणावर छापलेल्या टॉर्कइतकेच (आवळण्याच्या जोराइतकेच) ते आवळावे. यापुढचे विवेचन पत्र्याच्या डब्याबद्दल आहे.

आटे: सर्वांत धोकादायक साम्य

फिल्टरच्या तोंडाशी मधोमध जे भोक असते, त्याच्या आट्यांची मापे थोडीच असली तरी फसवी असतात. इंची पद्धतीतील तीन-चतुर्थांश इंच व्यासाचे, इंचाला १६ आटे असलेले माप फार प्रचलित आहे. मेट्रिक पद्धतीत एम २० × १.५ (म्हणजे व्यास २० मिलिमीटर, दोन आट्यांमधील अंतर १.५ मिलिमीटर) आणि एम २२ × १.५ ही मापे सर्रास दिसतात. तीन-चतुर्थांश इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि इंचाला १६ आटे म्हणजे दोन आट्यांमधील अंतर सुमारे १.५९ मिलिमीटर. एम २० मध्ये हेच अंतर १.५ आहे. नुसत्या डोळ्यांनी या दोहोंतला फरक ओळखता येत नाही.

आता समजा, स्टड तीन-चतुर्थांश इंची आहे आणि त्यावर एम २० चा फिल्टर फिरवला. एम २० च्या आतील आट्यांचे शेंडे साधारण १८.४ मिलिमीटर व्यासावर येतात, म्हणजे १९ मिलिमीटरच्या स्टडला ते प्रत्येक बाजूने जेमतेम ०.३ मिलिमीटर पकडतात. फिल्टर चढतो, गॅस्केट टेकते आणि हाताला तो घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पण इंजिन थंड असताना ऑइलचा दाब सहज ५ बारपर्यंत चढतो, आणि गॅस्केटचा व्यास ७ सेंटिमीटर धरला तर तो दाब फिल्टरला जवळपास दोनशे किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने बाहेर ढकलत असतो. ते ओझे आट्यांच्या नखभर टोकांवर आले, की फिल्टर उडून जातो आणि चेंबरमधले ऑइल अर्ध्या-एक मिनिटात रस्त्यावर येते. ही चूक लांबी-रुंदीच्या कोणत्याही फरकापेक्षा कितीतरी महागात पडते.

म्हणून नवा फिल्टर गॅस्केट टेकण्यापूर्वी हाताने फिरवून पाहावा. बरोबर आट्यांचा फिल्टर जोर न लावता चार-पाच वेढे गुळगुळीत फिरतो आणि दोनतीन वेढ्यांनंतर बोटांनी डावी-उजवीकडे हलवला तरी फारसा डुलत नाही. चुकीचा फिल्टर एक तर पहिल्या दीड वेढ्यातच अडतो किंवा सैल बांगडीसारखा डुलतो. शंका आली तर जुना फिल्टर पुन्हा तेवढेच वेढे चढवून त्याचे डुलणे ताडून पाहावे. दोन्हींतला फरक हाताला लगेच कळतो. अडलेल्या फिल्टरला पाना लावून पुढे रेटणे म्हणजे स्टडचे आटे मारणे होय.

गॅस्केट आणि त्याची बैठक

आट्यांनंतर गॅस्केटचा आतला व बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. ब्लॉकवर यंत्राने तासलेली एक सपाट, गोल पट्टी असते आणि रबर तिच्यावर पूर्णपणे टेकले पाहिजे. गॅस्केट मोठे असेल तर त्याची बाहेरची कड हवेत राहते. लहान असेल तर ते आतल्या खाचेवर किंवा ऑइलच्या भोकाच्या काठावर बसते. दोन्ही प्रसंगी सुरुवातीला गळती दिसत नाही, पण एखाद्या थंड सकाळी दाब चढला की रबर बाहेर फेकले जाते. जुना फिल्टर काढल्यावर बैठकीवर रबराचा जो काळपट वर्तुळाकार ठसा उरतो, तो पुसण्यापूर्वी नवा फिल्टर त्याच्यासमोर धरून पाहावा. मोजमापाच्या आकड्यांइतकीच ही तुलना विश्वासार्ह असते.

आतल्या झडपा, ज्या बाहेरून दिसत नाहीत

दोन डबे मापाने तंतोतंत सारखे असूनही आतून वेगळे असू शकतात, आणि याकडे फार थोडे लोक लक्ष देतात.

पहिली झडप बायपासची. कागद चोंदला किंवा ऑइल थंडीने फार दाट झाले, तर कागदाच्या दोन्ही बाजूंच्या दाबात फरक वाढत जातो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ही झडप उघडते आणि न गाळलेले ऑइल थेट पुढे सोडते, कारण बिअरिंगला ऑइल न मिळण्यापेक्षा मळके ऑइल मिळणे परवडते. ही मर्यादा सामान्यतः ०.६ ते १.५ बार यांच्या दरम्यान असते आणि प्रत्येक इंजिनाच्या पंपाच्या प्रवाहानुसार ती ठरवलेली असते. ज्या इंजिनाला वरची मर्यादा हवी, तिथे खालच्या मर्यादेची झडप असलेला फिल्टर लावला तर तो गरज नसतानाही न गाळलेले ऑइल पुढे सोडत राहतो. काही इंजिनांत ही झडप ब्लॉकमध्येच असते आणि त्यांच्या फिल्टरमध्ये ती दिलेलीच नसते. असा बिनझडपेचा फिल्टर चुकून दुसऱ्या इंजिनाला लागला, तर कागद चोंदल्यावर ऑइलला पर्यायी वाट उरत नाही. मग एक तर पुरवठा आटतो, नाही तर कागदच फाटतो.

दुसरी झडप म्हणजे तोंडाशी दिसणाऱ्या भोकांच्या आत बसवलेली रबराची पातळ चकती. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले ऑइल चेंबरमध्ये उलटे ओघळू नये, हे तिचे काम असते. फिल्टर आडवा किंवा पालथा बसत असेल, तर ही चकती अत्यावश्यक आहे. ती नसली किंवा कडक झालेली असली, की सकाळी इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद कोरडी खडखड ऐकू येते. सिलिकॉनची चकती साध्या नायट्राइल रबराच्या चकतीपेक्षा उष्णता अधिक काळ सोसते, म्हणून आडव्या फिल्टरसाठी मी सिलिकॉनच पसंत करतो.

ही माहिती उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात क्रमांकानुसार दिलेली असते. त्यात आटे, गॅस्केट, बायपासचा दाब आणि चकती या चारही बाबी मूळ क्रमांकाशी जुळल्या, तरच पुढच्या पायरीकडे जावे. त्यांतली एक जरी जुळत नसेल तर डब्याच्या उंचीचा विचार करण्याचे कारणच उरत नाही.

आता डब्याचा आकार: मोठ्या फिल्टरचा खरा फायदा

फिल्टर कापून उघडला तर आत घड्या घातलेल्या कागदाचे नळकांडे दिसते. एक उदाहरण घेऊ. साधारण ७.६ सेंटिमीटर व्यासाचा, ८.५ सेंटिमीटर उंच डबा आहे आणि त्यात प्रत्येकी १.५ सेंटिमीटर खोलीच्या ५५ घड्या असून कागदाची उंची ६ सेंटिमीटर आहे. प्रत्येक घडीच्या दोन बाजू धरल्या तर कागदाचे एकूण क्षेत्रफळ ९९० चौरस सेंटिमीटर होते. त्याच व्यासाचा, पण ११.५ सेंटिमीटर उंचीचा डबा घेतला आणि कागद ९ सेंटिमीटर उंच धरला, तर क्षेत्रफळ १,४८५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे बरोबर दीडपट होते. बाहेरून दोन बोटांचा दिसणारा फरक आत एवढा मोठा असतो.

पंप दर फेऱ्याला ठरलेले ऑइल ढकलतो, त्यामुळे कागद वाढला तरी एकूण प्रवाह वाढत नाही. तो अधिक जागेवर पसरतो आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून जाण्याचा त्याचा वेग कमी होतो. वेग कमी झाला की अडथळाही त्याच प्रमाणात कमी होतो. शिवाय तेवढाच कचरा जास्त जागेवर पसरल्याने त्याचा थर पातळ राहतो. वेग आणि थर या दोन्हींचा परिणाम एकत्र धरला, तर ढोबळ हिशेबाने दीडपट कागदावर तोच कचरा निम्म्याहून कमी अडथळा निर्माण करतो.

याचा उपयोग थंड इंजिनात सर्वाधिक होतो. ५डब्ल्यू-३० जातीच्या ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सियसला सुमारे १० ते ११ सेंटिस्टोक असतो, तर ४० अंशांना तो ६० च्या आसपास जातो आणि त्याखाली झपाट्याने वाढतो. अशा दाट ऑइलचा जोर लहान कागदावर पडला की बायपास लवकर उघडते. मोठ्या कागदामुळे ती उशिरा आणि कमी वेळा उघडते. मोठ्या फिल्टरच्या बाजूने सांगण्यासारखा खरा मुद्दा हाच आहे. दुसरा फायदा म्हणजे कचरा साठवण्याची वाढीव क्षमता. पण सुस्थितीतील इंजिनात वेळच्या वेळी ऑइल बदलत असाल, तर मूळ लहान फिल्टरचीही पूर्ण क्षमता सहसा वापरली जात नाही, त्यामुळे या दुसऱ्या फायद्याचे मोल फार धरू नये.

आणि एक सावधगिरी. डबा मोठा म्हणून कागद जास्त असेलच, असे नाही. स्वस्त फिल्टरांत मोठ्या डब्यात मोजक्या, विरळ घड्याही आढळतात. तसेच कागद किती बारीक गाळतो, याचा उंचीशी काडीचाही संबंध नाही. ते कागदाच्या प्रतीवर अवलंबून असते आणि त्यासाठी आयएसओ ४५४८-१२ या मानकानुसार केलेल्या चाचणीचा आकडा पाहावा लागतो. “२० मायक्रॉन” (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढेच लिहिलेले असेल तर ते अपुरे आहे. त्या आकाराचे किती टक्के कण अडतात, हे सोबत दिलेले असेल तरच दोन फिल्टरांची तुलना होऊ शकते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि बिअरिंगमधील फट त्याहूनही कमी असते, हे लक्षात घेतले की ५० टक्के आणि ९९ टक्के यांतला फरक उंचीच्या फरकापेक्षा किती महत्त्वाचा आहे, ते ध्यानात येते.

जे मोठ्या फिल्टरने होत नाही

ऑइलचा दाब वाढत नाही, कारण तो पंप, बिअरिंगमधील फटी आणि दाब सोडणारी झडप यांवर ठरतो. ऑइल थंड राहते म्हणावे, तर पत्र्याचा थोडा अधिक पृष्ठभाग नगण्य आहे. ऑइल बदलण्याची मुदतही वाढवता येत नाही. ऑइलचे ऑक्सिडीकरण होणे, त्यात इंधन मिसळणे, त्यातील रासायनिक पूरके संपणे यांपैकी कशालाही कागद अडवू शकत नाही. मोठा फिल्टर लावून मुदत दीडपट करणारे लोक पाहिले की वाईट वाटते.

जागा मोजावी, आणि गाडी हलत असताना मोजल्यासारखी मोजावी

वाढीव उंचीसाठी चहूबाजूंनी निदान बोटभर मोकळी जागा हवी. एक्झॉस्टचा पाइप, ड्राइव्ह शाफ्ट, स्टिअरिंगचे दांडे आणि वायरींचे झुबके यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते आणि गियर टाकताना किंवा जोरात वेग घेताना ते काही मिलिमीटर हलते, ही गोष्ट गाडी उभी असताना विसरली जाते. मी एकदा मूळ फिल्टरपेक्षा तीन सेंटिमीटर उंच फिल्टर लावला होता. गाडी वर उचललेली असताना तो कोठेच टेकत नव्हता. पण इंजिनाखालचे प्लास्टिकचे आच्छादन परत बसवल्यावर त्याचा वर वाकलेला एक कोपरा डब्याला लागू लागला आणि ठरावीक वेगाला बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. काढून पाहिले तेव्हा डब्याचा रंग नखाएवढ्या जागी घासून आतला पत्रा चमकत होता. आणखी काही महिने गेले असते तर तिथे भोक पडले असते. तेव्हापासून आच्छादन बसवून झाल्यावर आतून हात घालून फिल्टर चाचपल्याशिवाय मी काम संपले असे मानत नाही.

डबा खालच्या दिशेने लोंबत असेल, तर तो चेंबरच्या तळापेक्षा किंवा पुढच्या क्रॉस मेंबरपेक्षा (सांगाड्याच्या आडव्या तुळईपेक्षा) खाली येता कामा नये. रस्त्यावरचा एक दगड पातळ पत्र्याला पुरेसा होतो.

उलट, सांगितलेल्यापेक्षा लहान फिल्टर केवळ मिळाला म्हणून लावू नये. इंजिनाच्या उत्पादकानेच जुना क्रमांक बंद करून त्याजागी लहान फिल्टर दिला असेल तर तो वापरण्यास हरकत नाही, कारण त्याच्या कागदाची आणि झडपेची सांगड त्याने घातलेली असते. आपण अंदाजाने निवडलेल्या लहान डब्याबद्दल तसे म्हणता येत नाही. गाडी वॉरंटीत असेल, तर मोठ्या फिल्टरचाही मोह टाळावा, कारण मिळणारा फायदा एखाद्या वादाच्या मानाने फार लहान आहे.

बसवणे

जुना फिल्टर काढल्यावर त्याचे रबर त्याच्यासोबतच आले आहे ना, हे आधी पाहावे. ते बैठकीला चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर चढला, तर दोन गॅस्केटांमधून ऑइल पिचकारीसारखे बाहेर येते. बैठक स्वच्छ फडक्याने पुसून नव्या गॅस्केटवर बोटाने ऑइलचा पातळ हात फिरवावा. फिल्टर उभा, तोंड वर असा बसत असेल तर तो आधी अर्धा-पाऊण ऑइलने भरून घ्यावा. गॅस्केट टेकल्यानंतर हातानेच साधारण पाऊण वेढा आवळावा किंवा डब्यावर जे छापले असेल ते पाळावे. पाना फिल्टर काढण्यासाठी ठेवावा, लावण्यासाठी नव्हे.

मोठा फिल्टर असेल तर ऑइलचा हिशेब बदलतो. वरच्या उदाहरणातील दोन डब्यांच्या आकारमानात सुमारे १३५ मिलिलिटरचा फरक आहे, म्हणजे आतले सामान वजा जाता साधारण शंभर मिलिलिटर ऑइल जास्त लागेल. आधी नेहमीचे प्रमाण भरावे, इंजिन एक मिनिट चालवून बंद करावे, पाच मिनिटांनी सपाट जागेवर डिपस्टिक पाहावी आणि मगच कमी पडलेले भरावे. सुरुवातीलाच अंदाजाने जास्त ओतू नये. पहिल्यांदा सुरू केल्यावर ऑइलचा दिवा नेहमीपेक्षा किंचित उशिरा विझेल. पंप मिनिटाला ६ लिटर देत असेल, तर वाढीव शंभर मिलिलिटर जागा भरायला त्याला एक सेकंद लागतो. दिवा विझेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये. पाच-सात सेकंदांनंतरही दिवा विझला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करून गॅस्केटभोवती पाहावे. गळती नसेल, तरी पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा गाडीखाली वाकून फिल्टरच्या कडेला कोरडे फडके फिरवून पाहावे.

पुढच्या वेळी जुना फिल्टर उघडून पाहावा

निवड योग्य होती का, हे सांगणारा उत्तम साक्षीदार म्हणजे काढलेला फिल्टर. तो रात्रभर निथळू द्यावा आणि फिल्टर कापायच्या कटरने तोंडाजवळ गोल कापावा. करवत वापरू नये, कारण तिचा लोखंडी भुगा आतल्या कचऱ्यात मिसळतो. कागदाची पट्टी बाहेर काढून उजेडात घडी-घडी उलगडावी. घड्या सरळ, सारख्या अंतरावर आणि फक्त काळवंडलेल्या असतील, तर त्या फिल्टरचा आकार तुमच्या इंजिनाला पुरेसा आहे आणि मोठ्याची गरज नाही. घड्या एकमेकींवर आडव्या पडून चिकटल्या असतील किंवा मधली नळी चेपली असेल, तर कागदावर पेलवेल त्याहून जास्त दाब आला होता. त्याचे कारण फिल्टर लहान असणे, ऑइल फार दिवस चालवणे किंवा झडप न उघडणे यांपैकी एक असते. घड्यांत चिकट काळा गाळ साचला असेल तर आधी ऑइलची मुदत कमी करावी. चमचमणारे कण दिसले तर चुंबक फिरवावे. चिकटणारे कण लोखंडाचे असतात. न चिकटणारे पिवळट किंवा रुपेरी कण बहुधा बिअरिंगचे असतात, आणि अशा वेळी मोठा फिल्टर शोधत न बसता ती पट्टी डबीत घालून मेकॅनिककडे न्यावी.